तो कागद कोणाच्या हातात द्यायचा?

गेल्या पावसाळ्यात धाकट्या जावेचा हात मोडला म्हणून रात्री तिला घेऊन मी एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत बसले होते. एक्स-रे निघाला होता, प्लास्टर घालणारे मामा जेवायला गेले होते आणि आम्हाला वाट पाहण्यावाचून काम नव्हते. एवढ्यात शेजारच्या खाटेवर एका आजोबांना आणले. त्यांना धाप लागली होती, ओठ काळेनिळे पडले होते, अंगात घरातला विटका स्वेटर होता आणि त्यावर रुग्णवाहिकेतले पांघरूण. सोबत त्यांची पत्नी होती, सत्तरीच्या पुढची, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली. ऑक्सिजन, मॉनिटर, सुया यांची धावपळ सुरू झाली, तशा त्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधू लागल्या. चष्म्याचे घर निघाले, गोळ्यांची पाकिटे निघाली, बँकेचे पासबुक निघाले आणि शेवटी प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, नोटरीचा शिक्का असलेला कागद निघाला. तो त्यांनी दोन्ही हातांनी डॉक्टरांसमोर धरला. डॉक्टर पंचविशीचा असेल-नसेल. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या, आजोबांच्या छातीकडे पाहिले आणि म्हणाला, "काकू, हे वर आयसीयूत दाखवा. आत्ता मला यांना बघू दे." काकू म्हणाल्या, "पण यात लिहिलंय ना, श्वासाची नळी घालायची नाही म्हणून?" त्याने उत्तर दिले नाही. सिस्टरांनी पडदा ओढला. काकू पडद्याबाहेर तो कागद तसाच धरून उभ्या राहिल्या. तो कोणाच्या हातात द्यायचा हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हते.

पुढे काय झाले ते मला कळले नाही. जावेचे प्लास्टर झाले आणि आम्ही घरी आलो.

त्या तरुण डॉक्टरवर राग धरावा असे मला त्या रात्रीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. कॅज्युअल्टी नावाची खोली मुळात न विचारता काम करण्यासाठीच उभी राहिलेली आहे, आणि ती तशी उभी राहावी यासाठी लोकांनी न्यायालयापर्यंत झगडा दिलेला आहे. अपघातात सापडलेल्या माणसाला 'आधी पोलीस येऊ द्या' म्हणून दारातून परत पाठवणारे दिवस आपल्याकडे होते. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो की खासगी, समोर आलेल्या माणसाचा जीव वाचवण्याचा प्रयत्न करणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, बाकीचे सोपस्कार नंतर. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाड्यांमागेही हीच भूमिका आहे. फोन आला की गाडी निघते, सोबत डॉक्टर असतो आणि वाटेतच उपचार सुरू होतात. त्या आजोबांना घेऊन आलेली गाडी तशीच वेळेवर पोहोचली असणार. मग त्या तरुण डॉक्टरने काय करायचे होते? समोरचा माणूस कोण, कागद त्याचाच कशावरून, कागदात लिहिलेली अवस्था हीच कशावरून, हा साधा न्यूमोनिया असेल आणि चार दिवसांत बरा होणार असेल तर? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आजोबांच्या रक्तातला ऑक्सिजन घसरायचा थांबणार नव्हता. शिवाय डॉक्टरांना मारहाण होते म्हणून राज्याला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, हेही त्याच्या मनात कुठेतरी असणारच. उपचार केले म्हणून कोणी काच फोडायला येत नाही. उपचार थांबवले म्हणून मात्र येऊ शकतो.

तरीही काकूंचा तो धरलेला हात माझ्या मनातून गेला नाही. शुद्धीवर असताना, विचार करून, साक्षीदारांसमोर सही करून एका माणसाने आपल्या शेवटाविषयी काही सांगून ठेवले होते. ते ऐकण्याची वेळ आली तेव्हा ऐकणारा कान नेमका त्या खोलीत नव्हता.

माझ्या लहानपणी चुलत आजोबा गेले ते घरात. कोकणातले घर, माजघरालगतची काळोखी खोली, खाटेखाली राखेचे घमेले, कोनाड्यात काशीहून आणलेला गंगेचा डाख लावलेला गडू. डॉक्टर सायकलवरून आले, त्यांनी नाडी पाहिली, पडवीत येऊन मोठ्या काकांना म्हणाले, "आता सेवा करा." घराने ते ऐकले आणि सगळे त्या कामाला लागले. कोणी पाय चेपत होते, कोणी कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करत होते, संध्याकाळी बायका विष्णुसहस्रनाम म्हणायच्या. निलगिरीच्या तेलाचा आणि ओल्या गोधड्यांचा मिसळलेला वास मला आजही ओळखता येईल. त्या दिवसांविषयी आमच्या घरात फार आदराने बोलले जाते, 'काय सोन्यासारखं मरण आलं' असे म्हटले जाते. मला मात्र दुसरेही आठवते. आजोबांना दुखत होते. रात्रभर ते कण्हत होते आणि आम्हा मुलांच्या कानांवर ते पडू नये म्हणून आम्हाला शेजारच्या घरी निजायला पाठवले होते. तिथेही ते ऐकू येत असे. मॉर्फिनचा थेंब त्या गावापर्यंत कधी पोहोचला नव्हता. म्हणून घरी आलेले मरण ते चांगले आणि रुग्णालयातले ते वाईट, अशी वाटणी मी मनाशीही करू शकत नाही. आजोबांच्या घरात सेवा होती, औषध नव्हते. आजच्या अतिदक्षता विभागात औषध आहे, आणि सेवा करू पाहणारा माणूस दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला आहे.

वडिलांच्या तोंडून विनोबांच्या शेवटच्या दिवसांविषयी मी अनेकदा ऐकले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. डॉक्टरांनी विनवले, अनुयायांनी विनवले. त्यांनी मानले नाही आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, ते गेले. वडील हे सांगताना नेहमी त्यांच्या निग्रहाविषयी बोलत. आता विचार करताना मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. विनोबा शुद्धीवर होते, त्यांना आपले मन सांगता येत होते आणि भोवतीच्या माणसांना ते मन आधीपासून ठाऊक होते. आश्रमाऐवजी प्रवासात, बेशुद्धावस्थेत, अनोळखी माणसांच्या हाती ते पडले असते तर त्यांचा निग्रह किती उपयोगी पडला असता? साध्या माणसाचा शेवट बहुतेक वेळा तसाच, अनोळखी हातांत येतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अरुणा शानबाग आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ च्या नोव्हेंबरात जीवघेणा हल्ला झाला आणि त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत पडून राहिल्या. त्यांना भरवणे थांबवावे अशी याचिका २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते आणि अरुणाबाई जगाव्यात असे त्यांना वाटत होते, म्हणून अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्या परिचारिकांच्या रुग्णालयाकडे मानला. त्या परिचारिकांविषयी माझ्या मनात केवळ आदर आहे. इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या माणसाला त्यांनी ज्या निगुतीने जपले, तशी निगा पैसे मोजूनही मिळत नाही. पण त्या सगळ्या वादात एक आवाज कुठेच नव्हता, तो खुद्द अरुणाबाईंचा. त्यांना काय हवे होते हे कोणी सांगू शकत नव्हते, कारण पंचविशीतल्या मुलीला असे काही विचारून ठेवण्याची गरज कोणाला कधी वाटली नव्हती. मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना व्हेंटिलेटर लावलेला होता.

त्यानंतर कायदा पुष्कळ पुढे आला. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आपल्याकडे ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात त्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, पुढे जिल्हाधिकाऱ्यांना डॉक्टरांचे मंडळ नेमावे लागे, आणि या वाटेने जाऊन कोणाचे इच्छापत्र अमलात येणे जवळजवळ अशक्य होते. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने वाट सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ उपचार थांबवायचे का ते ठरवते, मग दुसरे मंडळ ते तपासते, आणि दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे म्हटलेले आहे. इच्छापत्राची प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. असे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. पदावर असलेला न्यायाधीश स्वतःच्या मरणाविषयीचा कागद चारचौघांत सही करतो, यातून लोकांना जे धैर्य मिळते ते परिपत्रकातून मिळत नाही.

पण ही सगळी व्यवस्था अतिदक्षता विभागाच्या घड्याळावर चालते. दोन मंडळे, ४८ तास, मग आणखी ४८ तास. कॅज्युअल्टीत वेळ मिनिटांनी मोजला जातो. काकूंच्या हातातला कागद कायद्याने पूर्ण खरा होता, आणि तरीही त्या पडद्याअलीकडे त्याचे काय करायचे हे कायद्याने त्या मुलाला सांगितलेले नव्हते.

हे सगळे मला एवढे जवळचे का वाटते, तर माझ्या मावशीमुळे. मावशी सांगलीला असायची. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, गणित हा तिचा हातखंडा विषय. शेवटच्या काही वर्षांत तिचे हृदय थकत गेले. पायांवर सूज यायची, रात्री आडवे झाले की दम कोंडायचा, रुग्णालयात जाऊन पाणी काढणारी इंजेक्शने घेतली की पुन्हा काही आठवडे बरे जायचे. अशाच एका फेरीनंतर तिचे नेहमीचे डॉक्टर घरी आले, खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढून बसले आणि तिच्याशी बोलले. नातेवाइकांना बाहेर बोलावून बोलणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत. पेशंटसमोर बसून, त्याच्याच आजाराविषयी, त्याला समजेल अशा भाषेत, घाई न करता बोलणारे फार थोडे. तिने त्यांना विचारले, "हृदय बंद पडलं तर छाती दाबतात म्हणे. माझी दाबाल का?" त्यांनी तिला सरळ सांगितले. ही पद्धत १९६० मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली, ती अचानक बंद पडलेल्या हृदयासाठी, विजेचा धक्का बसलेल्या, भूल देताना कोसळलेल्या, पाण्यात बुडालेल्या माणसासाठी. छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल अशी, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते, आणि म्हाताऱ्या हाडांत फासळ्या मोडणे नेहमीचे असते. जे हृदय वर्षानुवर्षे झिजत थांबले आहे, ते अशाने क्वचित सुरू होते, आणि झाले तरी पुढे नळी आणि व्हेंटिलेटर येतो. अमेरिकेत १९७४ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक नियमांतच लिहिलेले होते की न सुधारणाऱ्या आजारात, मरण अपेक्षित असताना, हा उपाय करायचा नसतो. मावशीने सगळे ऐकले आणि शाळेत मुलांना विचारायची तशा ठाम आवाजात एकच प्रश्न विचारला, "म्हणजे एवढं सगळं करून मी या घरी परत येईन का?" डॉक्टर म्हणाले, "बाई, बहुतेक नाही." ती म्हणाली, "मग ते नको. बाकी जे करायचं ते करा."

त्या 'बाकी'वर पुढचा तासभर गेला. धाप लागली तर ऑक्सिजन हवा की नको, ताप आला तर सलाईन आणि अँटिबायोटिक हवे की नको, घट्ट बसणारा मास्क चालेल का, पुन्हा रुग्णालयात जायचे की नाही. नळी नको, छाती दाबायची नाही, अतिदक्षता विभागात ठेवायचे नाही. ऑक्सिजन हवा, मास्क चालेल, बरे होण्यासारखे काही असेल तर रुग्णालय चालेल, दुखणे आणि धाप कमी करायला जे लागेल ते सगळे हवे. डॉक्टरांनी हे आपल्या लेटरहेडवर आजाराच्या नावासकट लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि आपला मोबाइल नंबर मोठ्या आकड्यांत टाकला. मावशीनेही सही केली. नोटरीचा कागद तिने आधीच केलेला होता, तो कपाटात राहिला. हे पत्र मात्र स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या खिळ्याला अडकवले गेले, आणि त्याची एक प्रत मावसभावाच्या मोबाइलमध्ये, एक माझ्या मोबाइलमध्ये, एक शेजारच्या कुलकर्णी वहिनींकडे. वहिनींना ती का दिली असे मी मावशीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, रात्री मला काही झालं तर पहिल्यांदा दार तीच उघडणार आहे."

पुढच्या थंडीत तिला ताप आला, छाती भरली आणि एका पहाटे तिला रुग्णालयात न्यावेच लागले. भावाने दारातच ते पत्र दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी ते वाचून पहिले काम केले ते त्या नंबरवर फोन लावण्याचे. दोन डॉक्टरांचे आपसात बोलणे झाले आणि केसपेपरवर ओळ पडली की नळी घालायची नाही, छाती दाबायची नाही, बाकी सर्व उपचार चालू. तिला मास्क लावला, अँटिबायोटिक दिले, आणि ती बरी होऊन घरी आली. आमच्यातल्या कित्येकांचा समज असा होता की असा कागद केला म्हणजे रुग्णालयात कोणी लक्ष देणार नाही, कोपऱ्यात टाकून ठेवतील. मावशीच्या बाबतीत घडले ते उलटे. काय करायचे नाही हे ठरलेले असल्यामुळे जे करायचे ते सगळ्यांनी निःशंकपणे केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये यासाठीच मार्गदर्शक तत्त्वे आणि एक नमुना फॉर्म काढलेला आहे. त्यातही स्पष्ट म्हटले आहे की छाती दाबायची नाही असे ठरले म्हणून इतर उपचार कमी करायचे नाहीत.

मावशी गेली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात, घरी. ती शांतपणे गेली असे मी लिहिणार नाही. शेवटच्या रात्री तिच्या घशात घरघर होती, मध्येच डोळे उघडून ती भिंतीकडे बघायची, आणि मावसभाऊ हातात फोन घेऊन दोनदा दरवाजापर्यंत जाऊन आला. १०८ लावू का, एवढेच तो विचारत होता. डॉक्टर फोनवर होते. जिभेखाली द्यायचे औषध आणि मॉर्फिनच्या गोळ्या घरात आणून ठेवलेल्या होत्या, त्या कशा आणि कधी द्यायच्या हे ते सांगत राहिले. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली नसती तर त्या गोळ्या मिळवताना किती कागद रंगवावे लागले असते, हे ज्यांनी त्याआधी कॅन्सरचा पेशंट घरी सांभाळला आहे त्यांना विचारावे. पहाटेच्या सुमारास तिचा श्वास सावकाश झाला आणि मग थांबला. भाऊ आजही मधूनच विचारतो, "ताई, तेव्हा नेलं असतं तर अजून थोडी राहिली असती का गं?" मी त्याला प्रत्येक वेळी खरे ते सांगते, की कदाचित काही दिवस राहिली असती, व्हेंटिलेटरवर. तो गप्प होतो. त्याचे समाधान झालेले नसते, आणि ते व्हायलाच हवे असा माझा आग्रहही नाही. आईची इच्छा पाळणे आणि आई जाणे या दोन गोष्टी त्याच्या एकाच रात्री घडल्या. त्या त्याला वेगळ्या करता येत नाहीत.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या भाचीने हे ऐकले तेव्हा ती म्हणाली की तिच्या सासूबाईंच्या फ्रिजवर असाच एक गुलाबी कागद लावलेला आहे. ही पद्धत ऑरेगन राज्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली आणि मग बाकी राज्यांत गेली. गंभीर आजारी किंवा अतिवृद्ध माणसाशी बोलून डॉक्टर तो भरतो, दोघांची सही होते, आणि त्याला वैद्यकीय आदेशाचे बळ असते. रुग्णवाहिकेतली माणसे घरात शिरली की आधी तो पाहतात. रंग मुद्दाम भडक ठेवलेला, म्हणजे घाईत शोधावा लागू नये. ऑरेगनने तर २००९ पासून संगणकावर नोंदवहीच ठेवली आहे, रात्री-अपरात्री विचारता येईल अशी. तिकडचे सगळेच इकडे आणावे असे मी म्हणत नाही. तिकडे माणूस स्वतःच्या वतीने एकटा ठरवतो, आपल्याकडे तीन भाऊ, दोन सुना आणि न्यू जर्सीतला धाकटा मुलगा मिळून ठरवतात, आणि 'मी येईपर्यंत काहीही करून ठेवा' हा फोन कुठल्याही इच्छापत्रापेक्षा वजनदार ठरतो. पण त्या गुलाबी कागदातली मेख मला पटते. नोटरीचा कागद पेशंटचे मन सांगतो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्याखेरीज दुसऱ्या डॉक्टरचा शब्द हवा असतो, आजाराचे नाव हवे असते आणि ताबडतोब लागणारा फोन नंबर हवा असतो. मावशीच्या खिळ्यावर नेमके तेच लटकत होते, कायद्याने न सांगता, एका जुन्या डॉक्टरच्या समजुतीने.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्या शहरात मी राहते त्याच शहरातून रोज माणसे 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही करून घरी नेली जातात. बिल झेपत नाही, गुरे विकली, दागिना मोडला, आता पुढे काही नाही. नळी तशीच ठेवून, अँब्युलन्समध्ये मुलगा किंवा जावई श्वास देणारा फुगा हाताने दाबत बसतो, गाव येईपर्यंत. गावात पोहोचले की फुगा थांबतो. या माणसाची इच्छा काय होती हे कोणी विचारलेले नसते, आणि त्याला घरी नेताना धाप कमी करायचे साधे औषधही कोणी सोबत दिलेले नसते. याला इच्छेचा मान म्हणणे हा त्या माणसाचा अपमान आहे. इच्छापत्राविषयी बोलताना माझ्या मनात सर्वांत मोठी भीती असते ती हीच, की उद्या हा कागद गरिबाच्या खाटेवर खर्च वाचवण्यासाठी ठेवला जाईल. ज्याला उपचार परवडतात त्यालाच नको म्हणण्याचा खरा हक्क असतो. म्हणून ज्यांच्याशी हे बोलायचे त्यांच्यासाठी उपचारांची सोय आधी हवी, आणि उपचार थांबल्यावरची सोयही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा शेवटच्या सेवेचे काम करते आहे. टाटा रुग्णालयाचा यासाठीचा स्वतंत्र विभाग आहे. पण एवढ्या मोठ्या राज्यात अशी ठिकाणे फार थोडी आहेत, आणि बहुतेक कॅन्सरभोवती आहेत. थकलेल्या हृदयाचा, निकामी फुप्फुसांचा, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांचा रस्ता अजूनही कॅज्युअल्टीच्याच दारातून जातो.

आमच्या घरी या विषयावर बोलणे सुरू झाले तेव्हा मुलीने मला अडवले. मी म्हटले होते, बेशुद्ध झाले तर नळी घालू नका. ती म्हणाली, "आई, हे असं सरसकट कसं? तू रस्त्यात पडलीस, डोक्याला मार लागला आणि आठ दिवसांत उठून बसणार असशील, तर मी तिथे तुझा कागद दाखवत बसू?" तिचे बरोबर होते. मला आज कुठलाही मोठा आजार नाही. माझ्या वयाच्या धडधाकट बाईच्या बाबतीत कॅज्युअल्टीने न विचारता सगळे करावे हेच योग्य. आणि जिथे शंका आहे तिथेही ते आधी सुरू करून मग थांबवता येते, ही गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. एकदा व्हेंटिलेटर लावला की तो काढता येत नाही, काढला तर खून होईल, ही धास्ती इतकी खोल आहे की तिच्यापायी काही घरे सुरुवातीलाच नको म्हणतात आणि काही घरे महिनोन्‌महिने थांबू शकत नाहीत. २०१८ च्या निकालाने सुरू केलेले उपचार ठरलेल्या रीतीने काढण्यालाही मान्यता दिलेली आहे. म्हणून आता आमच्या कागदात असे लिहिले आहे की अचानक काही झाल्यास उपचार करावेत, पण काही दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा पाहावे, आणि मी माणसे ओळखण्यासारखी, बोलण्यासारखी होणार नसेन तर यंत्रे काढावीत. 'काही दिवस' म्हणजे किती यावर मुलगी आणि तिचे बाबा अजून वाद घालतात. घालू देत. माझ्या वतीने बोलायची वेळ येईल तेव्हा त्या दोघांनी या वादातून गेलेले असणे मला माझ्या सहीपेक्षा जास्त कामाचे वाटते.

बाकी राहते ती कॅज्युअल्टी. तिथल्या केसपेपरवर ॲलर्जीचा रकाना असतो, जुन्या आजारांचा असतो, नातेवाइकाच्या नावाचा असतो. त्यांच्याखाली आणखी दोन ओळी छापाव्यात: पेशंटने उपचारांविषयी आधी काही लिहून किंवा सांगून ठेवले आहे का, आणि असल्यास त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर काय. १०८ वर फोन घेणाऱ्यानेही दीर्घ आजाराचे नाव ऐकल्यावर एवढे विचारावे. त्या ओळीत काही लिहिलेले सापडले म्हणून उपचार थांबणार नाहीत, ऑक्सिजन चालू राहील, सुई लागेल, फक्त नळी हातात घेण्याआधी एक फोन होईल. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही, मंडळ नेमावे लागत नाही, केसपेपरचे पुढचे गठ्ठे छापायला जातील तेव्हा छापखान्याला नवा मजकूर द्यावा लागतो. आमच्या भागातल्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना मी हे पत्राने कळवले आहे, सोबत मावशीच्या डॉक्टरांच्या त्या पत्राची नावे झाकलेली प्रत जोडली आहे, आणि पुढच्या महिन्यात त्यांना प्रत्यक्ष भेटायला जाणार आहे.